कोणत्या इमारतीला कोणती केबल? आगीचा विचार करून वायरिंग निवडायची पद्धत

आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये पहाटे साडेतीनच्या सुमारास आग लागली, तेव्हा ज्वाळा फारशा कुणी पाहिल्याच नाहीत. वॉचमनने पावडरचा सिलिंडर मारला आणि दहा-बारा मिनिटांत आग विझली. पण तेवढ्या वेळात केबलचा काळा, घसा जाळणारा धूर डक्टमधून, म्हणजे केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून, सातव्या मजल्यापर्यंत चढला होता आणि जिन्यातले दिवे गेले होते. पाचव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना जिना उतरता येईना. त्यांनी दाराच्या फटीत ओली चादर कोंबली आणि तासभर बाल्कनीत बसून राहिले. जीवितहानी झाली नाही, हे नशीब.

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. पूर्ण इमारतीचं रिवायरिंग करायचं ठरलं आणि तीन ठेकेदारांकडून कोटेशन आली. तिन्हींत एकच ओळ होती: "आयएसआय मार्क एफआर केबल." मी विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, एफआर म्हणजे आगीला काही होत नाही." हे चूक आहे. ते चूक का आहे आणि मग बरोबर काय, हे कळायला मला चार महिने लागले. पुढे कराडच्या मामेभावाच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलचं कामही मी जवळून पाहिलं. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. तीन प्रश्न वेगळे ठेवा

केबलवाल्याशी बोलताना "फायर सेफ आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी हे तीन प्रश्न विचारा.

पहिला: केबल स्वतः आग पुढे नेते का?
दुसरा: जळताना तिच्यातून किती आणि कसला धूर निघतो?
तिसरा: आगीत सापडल्यावरही तिच्यातून वीज वाहत राहते का?

बाजारातली सगळी नावं या तीन प्रश्नांभोवती फिरतात.

*साधी पीव्हीसी.* आजही मिळते. नवीन कामात वापरू नका, एवढंच सांगते.

*एफआर*, म्हणजे फ्लेम रिटार्डंट. ही फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. एफआर वायरचं आवरण जळत राहायला किमान २९ टक्के ऑक्सिजन लागावा, अशी अट असते. त्यामुळे जाळ बाजूला झाला की ती विझू पाहते. पण जाळ चालू असेल तोवर ती जळते आणि धूर सोडते.

*एफआरएलएस*, म्हणजे फ्लेम रिटार्डंट लो स्मोक, काही ठिकाणी एफआर-एलएसएच. ही पहिल्या प्रश्नाचं पूर्ण आणि दुसऱ्याचं अर्धं उत्तर देते. धूर कमी असतो, आम्लवायूही कमी. तरी वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत आम्लवायूची मुभा असते. आवरण शेवटी पीव्हीसीचंच. शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरिन असतो, तो जळताना हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो, आणि डोळ्यांतल्या, श्वासनलिकेतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं. आमच्या जिन्यात घसा जळत होता तो यामुळे.

*एचएफएफआर*, म्हणजे हॅलोजन फ्री फ्लेम रिटार्डंट. दुकानात हिला झेडएचएफआर किंवा एलएसझेडएचही म्हणतात. आवरणात क्लोरिनसारखा हॅलोजन नाही, आम्लवायूची मर्यादा अर्धा टक्का, आणि धूर इतका फिकट की त्यातून बाहेर जायचा रस्ता दिसावा. पहिल्या दोन प्रश्नांचं हे पूर्ण उत्तर. यासाठी भारतीय मानक आहे आयएस १७०४८. पीव्हीसी घरगुती वायरसाठी आयएस ६९४.

*फायर सर्व्हायव्हल केबल.* तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त हीच देते. तांब्यावर अभ्रकाची टेप गुंडाळलेली असते. वरचं आवरण जळून गेलं तरी अभ्रक टिकतं आणि वीज चालू राहते. भारतीय मानक आयएस १७५०५, भाग १. ब्रिटिश मानक बीएस ६३८७ मधली सी-डब्ल्यू-झेड ही चाचणी ठेकेदारांच्या तोंडी जास्त असते: ९५० अंश सेल्सिअसवर ३ तास, शिवाय आगीत असतानाच पाण्याचा मारा आणि हादरे अशा वेगळ्या चाचण्या.

इथला सगळ्यात मोठा सापळा: "एफआर" ही दोन अक्षरं काही जण फायर रेझिस्टंट या अर्थाने वापरतात, म्हणजे आगीत चालू राहणारी. वायरच्या खोक्यावर त्यांचा अर्थ असतो फ्लेम रिटार्डंट. आमच्या एका कोटेशनमध्ये फायर पंपाला "एफआर केबल" लिहिलं होतं आणि दर लावला होता साध्या एफआर वायरचा. कागदावर दोन अक्षरं कधीच चालवून घेऊ नका. पूर्ण नाव आणि मानकाचा क्रमांक लिहून घ्या.

२. इमारतीतली माणसं किती वेळात बाहेर पडतील?

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६, वापरानुसार इमारतींचे नऊ गट करते: निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, सभागृहं, कार्यालयं, दुकानं, कारखाने, गोदामं आणि धोकादायक. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ती बहुमजली धरते. महाराष्ट्रात याच्या जोडीला २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तुमची इमारत कोणत्या गटात बसते हे आधी आर्किटेक्टकडून लेखी घ्या, कारण पुढच्या अटी त्यावर ठरतात.

पण गटाच्या नावापेक्षा मला एक साधा प्रश्न जास्त उपयोगी पडला: इथल्या सगळ्यात अशक्त माणसाला बाहेर पडायला किती वेळ लागेल? जितका वेळ जास्त, तितकी धुराबद्दलची अट कडक.

*बंगला, रो-हाऊस, बैठी चाळ.* दोन पावलांवर अंगण. इथे एफआर चालते, एफआरएलएस घेतली तर उत्तम. लाकडी वाडा असेल तर मात्र जुन्या लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकलेली वायर पूर्ण काढा आणि नवीन वायर लोखंडी पाइपातून न्या. माळ्यावर, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे एकही जोड ठेवू नका.

*सोसायटी.* फ्लॅटच्या आत एफआरएलएस. जिना, लॉबी, मीटर रूम आणि डक्टमध्ये एचएफएफआर. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा हाच क्रम धरा: आधी सुटकेचा रस्ता, मग दिवाणखाना. आमच्या कमिटीत उलटं चाललं होतं. प्रत्येकाला आपल्या फ्लॅटमध्ये भारी वायर हवी होती आणि डक्टसाठी "जी स्वस्त असेल ती".

*हॉस्पिटल, नर्सिंग होम, वृद्धाश्रम.* इथे तडजोड करू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. असा रुग्ण स्वतः उठून बाहेर जाऊ शकत नाही. त्याला न्यावं लागतं, आणि नेणाऱ्याला दिसावं लागतं, श्वास घेता यावा लागतो. म्हणून सगळीकडे एचएफएफआर.

आयसीयूबाबत आणखी एक गोष्ट. वर सांगितलेला २९ टक्क्यांचा आकडा साध्या हवेशी तुलना करून आहे. अतिदक्षता विभागात मास्कमधून, गळक्या जोडातून ऑक्सिजन खोलीत पसरत असतो. बिछान्याजवळच्या हवेत त्याचं प्रमाण वाढलं, की "विझू पाहणारी" वायरही जोमाने जळते. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ताई, मग आधी पाइपलाइनची गळती तपासू." त्याचं बरोबर होतं. केबल चांगली घेणं, खेळती हवा आणि गळती रोखणं ही तिन्ही कामं एकत्र करायची असतात. बेडमागच्या पॅनेलवर एकाच प्लगमध्ये तीन यंत्रं लावणारा एक्स्टेन्शन बोर्डही त्याच दिवशी काढून टाका आणि तिथे पुरेसे सॉकेट द्या.

*शाळा, मंगल कार्यालय, नाट्यगृह, सिनेमागृह.* गर्दी मोठी, जागा अनोळखी. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. आग लागली होती तळाच्या पार्किंगजवळच्या ट्रान्सफॉर्मरला, आणि बहुतेक जण वर बाल्कनीत धुराने गुदमरले. अशा ठिकाणी प्रेक्षागृह, मार्गिका आणि फॉल्स सीलिंगच्या वर एचएफएफआरच हवी. मंगल कार्यालयवाल्यांनो, डेकोरेशनवाला स्वतःची उघडी, जोड मारलेली वायर आणून तुमच्या डीबीला, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीला, लावतो. त्याच्यासाठी वेगळा, आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला पॉइंट द्या आणि बाकी कुठेही हात लावू देऊ नका.

*गाळा, कारखाना, गोदाम.* आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) केबल, बाहेरचं आवरण एफआरएलएसचं. उंदीर, फोर्कलिफ्ट आणि पत्र्याखालची उष्णता हे इथले शत्रू. सर्व्हर रूम किंवा महागडं इलेक्ट्रॉनिक यंत्र असेल तर तिथे एचएफएफआर घ्या, कारण आम्लवायू आग पोचली नाही तिथल्या सर्किट बोर्डांनाही खातो.

३. आगीतही चालू राहायला हवीत अशा सर्किटची यादी करा

एक कोरा कागद घ्या आणि लिहा: फायर पंप, स्प्रिंकलर पंप, अग्निशामक दलासाठीची लिफ्ट, जिन्यातले आणि बाहेर पडायच्या मार्गावरचे दिवे, जिन्यात हवेचा दाब ठेवणारे पंखे, अलार्म पॅनेल, सूचना देणारे स्पीकर. तुमच्या इमारतीत यातलं जे असेल, त्याला फायर सर्व्हायव्हल केबल.

नुसती केबल घेऊन भागत नाही, तिचा मार्गही वेगळा हवा. संहितेनुसार पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे यांची सर्किटं थेट मुख्य पॅनेलवरून निघायला हवीत आणि वेगळ्या पाइपातून जायला हवीत. आमच्याकडे फायर पंपाची केबल बाकी सगळ्या केबलींच्या जुडग्यातच बांधलेली होती. म्हणजे मीटर रूमला आग लागली की आग विझवायचा पंप सगळ्यात आधी बंद पडणार. त्या पहाटे तेच झालं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. ९५० अंश सोसणारी केबल प्लास्टिकच्या क्लिपने किंवा नायलॉनच्या टायने बांधली, तर पहिल्या पाच मिनिटांत क्लिप वितळते, केबल लोंबकळते आणि स्वतःच्या वजनाने तुटते. क्लॅम्प, ट्रे, खिळे सगळं स्टीलचं. जंक्शन बॉक्सही आगीत टिकणारा हवा, आणि शक्यतो मध्ये जोडच नको.

४. जाडी आणि एमसीबी

केबल कितीही भारी असो, लोडला बारीक पडली तर तीच आग लावते. घरासाठीचा साधारण ठोकताळा: दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर आणि १० अँपिअरपर्यंतचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), पॉवर सॉकेटला २.५ आणि १६ अँपिअर, एसी किंवा मोठ्या गिझरला ४ आणि २० अँपिअर. फ्लॅटची मेन आणि सामायिक लोड इंजिनियरकडून मोजून घ्या, अंदाजाने नको.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून ३२ अँपिअरचा बसवणं हा घरोघरी दिसणारा प्रकार आहे. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की आधी वायर तापते, मग पडायचं तर तो पडतो. पडतोय म्हणजे लोड जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे. तो शोधा.

एका पाइपात वायरी कोंबल्या की उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरची क्षमता घटते. पाइपाची थोडी जागा रिकामी राहू द्या.

५. कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी हव्यात: केबलचं पूर्ण नाव, मानकाचा क्रमांक, तांबं की ॲल्युमिनियम, चौरस मिलिमीटर, आणि ती इमारतीत कुठे जाणार. "किंवा समतुल्य" हे शब्द दिसले की समतुल्य कुणी ठरवायचं तेही लिहून घ्या. आम्ही शेवटी लिहिलं तसं: "जिना व लॉबीतील दिवे: तांब्याची एचएफएफआर वायर, आयएस १७०४८, १.५ चौ.मिमी., लोखंडी पाइपातून."

काम सुरू होण्याआधी हे कागद गोळा करा:

- ठेकेदाराच्या शासकीय विद्युत परवान्याची प्रत, मुदत तपासून
- वायरिंगचा एकरेषीय नकाशा आणि लोडचा हिशेब
- आर्किटेक्टचं इमारतीच्या गटाचं आणि उंचीचं पत्र
- सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव
- वीज कंपनीच्या मंजूर लोडचं पत्र
- केबल उत्पादकाचं, तुमच्या मालाच्या लॉटचं चाचणी प्रमाणपत्र

शेवटच्या कागदावर अडून बसा. ठेकेदार कॅटलॉगचं पान देतात. ते प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्रावर लॉट किंवा ड्रमचा क्रमांक असतो आणि तो आलेल्या मालाशी जुळायला हवा.

६. माल आला की उघडून पाहा

खोक्यावर काय छापलंय याला किंमत नाही. वायरच्या अंगावर पाहा. आयएसआय चिन्ह, मानक क्रमांक, सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक, प्रकार आणि जाडी, हे सगळं ठरावीक अंतराने छापलेलं असतं. परवाना क्रमांक मोबाइलवरच्या, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कंपनी आणि माल जुळला तरच पुढे जा. आमच्या पहिल्या खेपेत खोकी एचएफएफआरची आणि दोन कॉइलवरची छपाई एफआरची निघाली. माल परत पाठवला.

तांबं पुरेसं आहे का हे पाहायची सोपी पद्धत आहे. ९० मीटरच्या अखंड कॉइलची दोन्ही टोकं सोलून चांगल्या मीटरने ओहम मोजा, मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करा. लवचिक तांब्याच्या १.५ चौ.मिमी. कॉइलला २० अंश तापमानाला जास्तीत जास्त १.२ ओहम, २.५ ला सुमारे ०.७२ ओहम. आपल्याकडे ३० अंशाला चार टक्के वाढ धरा. त्यापेक्षा बरंच जास्त आलं, तर तांबं कमी आहे किंवा अशुद्ध आहे.

लायटर पेटवून वायरचा तुकडा विझवून दाखवणारे दुकानदार भेटतील. त्यातून पहिल्या प्रश्नाचं जेमतेम उत्तर मिळतं, दुसऱ्या-तिसऱ्याचं काहीच नाही. आणि बंद दुकानात तो धूर छातीत घेऊ नका.

७. बसवताना उभं राहून पाहा

सगळा खर्च इथे पाण्यात जाऊ शकतो.

एचएफएफआर वायर पीव्हीसीच्या पाइपातून नेली, तर क्लोरिन पाइपाच्या रूपाने परत आलाच. जिन्यात आणि हॉस्पिटलमध्ये लोखंडी किंवा हॅलोजनमुक्त पाइप वापरा. भिंतीत गाडलेल्या पाइपाचं इतकं बिघडत नाही, उघड्यावरचा आणि फॉल्स सीलिंगमधला महत्त्वाचा.

एचएफएफआरचं आवरण पीव्हीसीपेक्षा खरवडायला हळवं असतं. वायरमन जोर लावून ओढतो आणि वळणावर सालपट निघतं. शंखजिऱ्याची पूड लावून, दोघांनी मिळून, एकाने सरकवत आणि दुसऱ्याने ओढत काम करायला सांगा. जमिनीखाली, ओलीत टाकायची केबल असेल तर ती त्यासाठीच बनवलेली आहे का, हे उत्पादकाला विचारा.

डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद झालीच पाहिजे. केबल जाते त्या भोकाभोवती अग्निरोधक मसाला किंवा बोर्ड, आणि त्याची आग सोसायची क्षमता त्या मजल्याच्या स्लॅबइतकी. नुसतं सिमेंट थापून किंवा फोम मारून चालत नाही. आमच्या इमारतीत धूर सात मजले चढला तो या उघड्या भोकांमधून. नवीन केबल टाकून भोकं तशीच ठेवली असती तर निम्मं काम वाया गेलं असतं. नंतर कुणी इंटरनेटची वायर टाकायला भोक पाडलं, तर ते त्याच दिवशी बुजवायचं, असा नियम करून घ्या.

जोड टेपने नको. लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) नीट क्रिम्प केलेला, म्हणजे दाबून पक्का बसवलेला, स्क्रू घट्ट. आगी लागतात त्या बहुधा अशाच ढिल्या जोडांवर.

८. चालू करण्याआधी आणि नंतर

५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन तपासून घ्या, किमान १ मेगओहम यायला हवं. नव्या वायरिंगला याहून खूप जास्त येतं, म्हणून एकच्या आसपास आलं तर स्वीकारू नका, कुठेतरी आवरण खरवडलं आहे. अर्थिंग मोजा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी टेस्ट बटण दाबून पडतो का पाहा. मग मुख्य पुरवठा बंद करून जिन्यातले आपत्कालीन दिवे लागतात का, पंप जनरेटरवर सुरू होतो का, हे कमिटीच्या समोर करून दाखवायला सांगा. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर विद्युत निरीक्षक कार्यालयात काय सादर करायचं ते काम संपल्यावर नव्हे, सुरुवातीलाच विचारा.

२००६ च्या कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. त्या दिवशी एजन्सीच्या माणसाबरोबर फिरा आणि डक्टची दारं उघडायला लावा. त्याच फेरीत मीटर रूममधून सायकली, रंगाचे डबे, जुनी गादी बाहेर काढा.

भिंती बुजवण्याआधी प्रत्येक पाइपाचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक प्रकारच्या केबलचा छपाई दिसेल असा हातभर तुकडा, नकाशा, प्रमाणपत्रं आणि टेस्ट रिपोर्ट एका फाइलमध्ये घालून सोसायटीच्या ऑफिसात ठेवा. पाच वर्षांनी दुसरा सेक्रेटरी येईल, दुसरा वायरमन येईल, आणि तुटलेल्या जागी नेमकी कोणती वायर जोडायची हे त्यांना तो तुकडा पाहून कळेल.